पाम बीचची फाइल

गेले काही महिने जेफ्री एपस्टीनचं नाव निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, लिस्टमध्ये कोण कोण आहे? भाचा विचारतो, गल्लीच्या तोंडावरचे मेडिकलवाले विचारतात. आम्हा जुन्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर रोज कुणीतरी एखादा फोटो टाकतं आणि त्यातल्या एका चेहऱ्याभोवती लाल गोल काढलेला असतो. कधी तो राष्ट्राध्यक्षाचा, कधी राजपुत्राचा, कधी एखाद्या अब्जाधीशाचा. खाली हसण्याच्या इमोजींची रांग. या सगळ्यात मुली कुठेच नसतात. असल्याच तर फोटोच्या कडेला, चेहरा पुसलेल्या.

मला या प्रकरणात लिस्टपेक्षा दुसराच एक कागद महत्त्वाचा वाटतो. तो अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातल्या पाम बीच गावच्या पोलिसांनी २००५ आणि २००६ या दोन वर्षांत तयार केला. पुढे १३-१४ वर्षांनी जगाला धक्का देणारी जी माहिती बाहेर आली, तिचा गाभा त्या फाइलमध्ये आधीच होता. मुलींची वयं, त्यांना दिलेले पैसे, त्यांना गाडीने कोण आणायचं, फोन कोण करायचं, हे सगळं जबाबांत लिहिलेलं होतं. म्हणजे हे गुपित कधीच नव्हतं. कागद तयार होता, तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला आणि प्रत्येक टेबलावर थोडा थोडा हलका होत गेला.

एपस्टीन कोण होता ते थोडक्यात सांगते. १९५३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात साध्या घरात त्याचा जन्म झाला. पदवी न घेताच तो मॅनहॅटनमधल्या डाल्टन या श्रीमंतांच्या शाळेत गणित शिकवायला लागला. तिथून १९७६ मध्ये बेअर स्टर्न्स या गुंतवणूक कंपनीत गेला, पाच वर्षांनी तीही सोडली आणि फक्त अतिश्रीमंतांचा पैसा सांभाळणारा माणूस म्हणून स्वतःची ओळख तयार केली. व्हिक्टोरियाज सीक्रेटसारखे ब्रँड चालवणारे लेस वेक्सनर यांनी तर १९९१ मध्ये त्याला आपल्या मालमत्तेचं कुलमुखत्यारपत्रच दिलं. मॅनहॅटनमध्ये सात मजली घर, पाम बीचला बंगला, न्यू मेक्सिकोत मोठं फार्म, पॅरिसला फ्लॅट, कॅरिबियन समुद्रात खासगी बेट, स्वतःचं विमान. इतका पैसा नेमका कशातून आला, यावर अजून लिहिलं जातंय. तो विषय बाजूला ठेवू.

पाम बीच हे समुद्राकाठी एका चिंचोळ्या बेटावर वसलेलं धनिकांचं गाव आहे. पूल ओलांडला की वेस्ट पाम बीच लागतं. तिथे वेटर, माळी, सफाईवाले, ड्रायव्हर अशी बेटावरच्या बंगल्यांत राबणारी माणसं राहतात. मार्च २००५ मध्ये एका १४ वर्षांच्या मुलीच्या घरच्यांनी पोलिसांत फिर्याद दिली. शाळेतल्याच एका ओळखीच्या मुलीने तिला एका श्रीमंत माणसाच्या घरी मसाज करायच्या कामासाठी नेलं होतं आणि तिथे तिचं लैंगिक शोषण झालं होतं. जोसेफ रिकारी नावाच्या तपास अधिकाऱ्याने त्या एका मुलीपासून सुरुवात केली. तिने दुसरीचं नाव सांगितलं, दुसरीने तिसरीचं. पोलिसांनी बंगल्याबाहेर पडणारा कचरा तपासला तेव्हा त्यात फोनवरचे निरोप लिहिलेल्या चिठ्ठ्या मिळाल्या. त्यावर मुलींची नावं होती, कोणती मुलगी शाळा सुटल्यावर कधी येऊ शकेल असले निरोप होते.

पद्धत साधी होती. येणाऱ्या मुलीला २०० डॉलर मिळायचे. त्या वेळच्या दराने साडेआठ-नऊ हजार रुपये. तिने दुसरी मुलगी आणली तर आणखी तेवढेच. ज्यांच्या घरी भाड्याची ओढाताण होती, कुणाची आई व्यसनात बुडालेली, कुणाचा बाप घर सोडून गेलेला, अशा मुली यात ओढल्या गेल्या. एकदा स्वतः दुसरीला घेऊन गेली की ती मुलगी तक्रार कुठल्या तोंडाने करणार? पैशाबरोबर तिच्या पदरात अपराधही घातला जायचा. ही व्यवस्था नुसत्या वासनेने चालत नाही. त्यामागे माणसाची पक्की पारख असते, कोण बोलणार नाही याची.

रिकारी आणि त्याचे वरिष्ठ, पोलीसप्रमुख मायकेल रायटर यांनी लहान मुलींवरील अत्याचाराची गंभीर कलमं लावण्याइतका पुरावा गोळा केला. दरम्यान एपस्टीनने देशातले नामांकित वकील उभे केले. खासगी गुप्तहेर मुलींच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या मागावर फिरू लागले. तेव्हा मायस्पेस नावाचं समाजमाध्यम पोरापोरींत लोकप्रिय होतं. मुलींनी तिथे दारूबद्दल, पार्ट्यांबद्दल काय लिहिलंय, त्याची पानं बचाव पक्षाने सरकारी वकिलांसमोर ठेवली. बघा, या कशा मुली आहेत.

आणि सरकारी वकिलांनी ते बघितलं! स्थानिक सरकारी वकील बॅरी क्रिशर यांनी थेट आरोपपत्र न दाखल करता प्रकरण ग्रँड ज्युरीपुढे नेलं. नागरिकांच्या या मंडळापुढे काय मांडायचं, हे तिथे सरकारी वकीलच ठरवतो. एवढ्या मुलींचे जबाब हाताशी असताना मोजक्या साक्षी मांडल्या गेल्या. जुलै २००६ मध्ये एकच आरोप निश्चित झाला, वेश्याव्यवसायासाठी गळ घालण्याचा. त्यात मुली अल्पवयीन असल्याचा उल्लेखही नव्हता. त्या बंद खोलीत काय बोललं गेलं, ते १ जुलै २०२४ रोजी न्यायालयाने कागद खुले केल्यावर कळलं. साक्ष द्यायला आलेल्या कोवळ्या मुलीला खुद्द सरकारी बाजूनेच विचारलं होतं की, तू जे केलंस तो गुन्हा आहे, हे तुला ठाऊक होतं का?

हे वाचताना मी बराच वेळ त्या पानावरून पुढे गेले नाही. १४ वर्षांची मुलगी म्हणजे आपल्याकडची आठवी-नववीतली. तिला मराठीत वेश्या म्हणून बघा. जीभ अडखळते. पण कायद्याच्या कागदावर 'वेश्याव्यवसाय' हा एक शब्द घातला की मुलगी अत्याचारग्रस्त राहत नाही, व्यवहारातली दुसरी बाजू होते. पैसे घेतले ना? मग झालं. खरं तर फ्लोरिडातसुद्धा १८ वर्षांखालच्या मुलीची संमती कायदा मानत नाही. आपल्याकडे २०१२ च्या पोक्सो कायद्यानेही तेच सांगितलंय, १८ च्या आतलं प्रत्येक मूल म्हणजे मूल. कायदा स्पष्ट होता. अडचण होती ती त्या मुलींकडे बघणाऱ्यांच्या नजरेत.

ही नजर मला परकी नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी शिकवत होते त्या शाळेत नववीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन उभी राहिली. शाळेला मोठी मदत करणाऱ्या एका माणसाने तिला कागदपत्रांच्या निमित्ताने आपल्या ऑफिसात बोलावलं होतं. पुढचं ती तुटक तुटक बोलली. तिचे अब्बा रिक्षा चालवायचे, अम्मी शिवणकाम करायची. मी साध्या कागदावर तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत उतरवलं, सही घेतली आणि वर दिलं. पोच मागितली तेव्हा वरच्यांचा चेहरा बदलला. दोन दिवसांनी बैठक झाली. एका बुजुर्गांनी तिच्या अम्मीला विचारलं, "मुलगी तिथं एकटी गेलीच कशाला?" दुसरे म्हणाले, "बेटी, त्यांनी डोक्यावर हात ठेवला असेल, तू गैरसमज करून घेतलास." तिची अम्मी फक्त एवढंच म्हणत होती, "बाजी, हमारी इज्जत का सवाल है, जाने दो." महिन्याभरात त्या मुलीचं नाव शाळेतून काढलं गेलं आणि तिला कर्नाटकात मामूंकडे पाठवलं. तो माणूस त्या वर्षीच्या गॅदरिंगला व्यासपीठावर होता. त्याच्याकडे ना बेट होतं, ना विमान. एक देणगी पावती पुस्तक आणि गावातली पत पुरेशी होती.

पाम बीचच्या रायटर यांच्याबद्दल मला आदर वाटतो तो यामुळेच. आपल्याच भागातल्या सरकारी वकिलाला त्यांनी मे २००६ मध्ये लेखी कळवलं की, तुम्ही या प्रकरणातून बाजूला होण्याचा विचार करावा. लहान गावच्या पोलीसप्रमुखाने असं पत्र लिहिणं सोपं नसतं. ते गावात एकटे पडले. मग त्यांनी फाइल एफबीआयकडे दिली.

इथे आशा वाटावी अशी जागा आहे. केंद्राच्या तपासात तीसहून जास्त मुलींची नावं पुढे आली, एका महिला सरकारी वकिलाने ५३ पानांचं आरोपपत्र तयार केलं. ते दाखल झालं असतं तर एपस्टीन उरलेलं आयुष्य तुरुंगात काढता. पण आता फाइल अलेक्झांडर अकोस्टा या दक्षिण फ्लोरिडाच्या मुख्य केंद्रीय वकिलाच्या टेबलावर होती आणि समोर वकिलांची फौज होती. त्यात बिल क्लिंटन यांच्यावर महाभियोगाची वेळ आणणारे केनेथ स्टार होते, हार्वर्डचे अॅलन डर्शोविट्झ होते. ऑक्टोबर २००७ मध्ये अकोस्टा आणि बचाव पक्षाचे एक वकील वेस्ट पाम बीचच्या एका हॉटेलात नाश्त्याला भेटले. कुठल्या गरीब आरोपीच्या वकिलाला अशी भेट मिळते?

तडजोड २४ सप्टेंबर २००७ रोजीच सह्या होऊन ठरलेली होती. एपस्टीनने राज्याच्या न्यायालयात वेश्याव्यवसायाशी संबंधित दोन गुन्हे कबूल करायचे, दीड वर्षाची शिक्षा घ्यायची, लैंगिक गुन्हेगार म्हणून नोंदणी करायची, आणि त्या बदल्यात केंद्र सरकार खटला भरणार नाही. एवढ्यावर थांबलं असतं तरी वाईटच होतं. पण त्यात आणखी एक वाक्य होतं, चार सहकारी स्त्रियांवर आणि त्याशिवाय इतरही संभाव्य साथीदारांवर कारवाई होणार नाही. इतर म्हणजे कोण, नावं नाहीत. जे अजून कुणाला माहीतही नव्हते त्यांनाही माफी. आज जग ज्या लिस्टसाठी हैराण आहे, तिच्यावर २००७ मध्येच एका ओळीने पांघरूण घातलं गेलं होतं.

मुलींना यातलं काहीच सांगितलं नाही. उलट जानेवारी २००८ मध्ये, सह्या होऊन तीन महिने उलटल्यावर, त्यांना सरकारी पत्रं गेली. तपास चालू आहे, वेळ लागेल, धीर धरा. मी सरकारी भाषेतली बरीच पत्रं वाचली आहेत, इतकं सभ्य खोटं फार क्वचित.

३० जून २००८ रोजी त्याने गुन्हा कबूल केला. तुरुंगवासाची गंमत बघा. काउंटीच्या तुरुंगात त्याला स्वतंत्र भाग मिळाला आणि थोड्याच महिन्यांत कामासाठी बाहेर पडायची परवानगीही. आठवड्याचे सहा दिवस, दिवसाला १२ तासांपर्यंत, तो आपल्या ऑफिसात बसायचा. सोबत असणाऱ्या पोलिसांच्या जादा कामाचे पैसेही तोच भरायचा. १३ महिन्यांत तो सुटला.

यानंतरचा भाग त्याच्या बड्या मित्रांसाठी सर्वांत अवघड आहे. २००८ च्या आधी त्याच्याशी मैत्री असणारा कुणी म्हणाला की मला ठाऊक नव्हतं, तर एक वेळ ऐकून घेता येईल. पण त्यानंतर तो अमेरिकेच्या सरकारी यादीतला नोंदणीकृत लैंगिक गुन्हेगार होता. कुणीही इंटरनेटवर शोधू शकत होतं. तरी डिसेंबर २०१० मध्ये त्याच्या मॅनहॅटनच्या घरी ब्रिटनचे प्रिन्स अँड्र्यू मुक्कामाला होते, त्यांच्यासाठी जेवण झालं आणि त्याला टीव्हीवरचे नामांकित पत्रकार, सिनेमावाले हजर होते. न्यूयॉर्कमध्ये त्याला सर्वांत धोकादायक श्रेणीत ठेवायचं की खालच्या, असा प्रश्न जानेवारी २०११ मध्ये आला. तिथे सरकारी वकिलांच्या कार्यालयानेच त्याची श्रेणी कमी करावी अशी बाजू मांडली. न्यायाधीश रूथ पिकहोल्झ यांनी थक्क होऊन ती फेटाळली. या कथेत असे दोन-तीनच लोक भेटतात, म्हणून नाव लिहून ठेवलं.

हार्वर्डने १९९८ ते २००८ या काळात त्याच्याकडून ९१ लाख डॉलर देणगी घेतली होती. शिक्षेनंतर देणगी घेणं बंद केलं, पण विद्यापीठाच्याच चौकशी अहवालानुसार २०१० ते २०१८ या काळात तो तिथल्या एका संशोधन केंद्रात ४० हून जास्त वेळा आला. त्याला तिथे बसायला खोली होती. एमआयटीच्या मीडिया लॅबने त्याचे पैसे घेतले आणि ते झाकण्याचा प्रयत्न केला, २०१९ मध्ये तिचे संचालक जोई इतो यांना पद सोडावं लागलं. बिल गेट्स २०११ पासून त्याला अनेकदा भेटले, नंतर ती आपली चूक होती असं त्यांनी जाहीरपणे मान्य केलं. अपोलो या बड्या गुंतवणूक कंपनीचे लिऑन ब्लॅक यांनी करसल्ल्यासाठी त्याला १५ कोटी ८० लाख डॉलर दिले. कंपनीने नेमलेल्या वकिलांना ब्लॅक त्याच्या गुन्ह्यांत सामील असल्याचा पुरावा मिळाला नाही, पण खुर्ची गेली. बँकांचं तर विचारूच नका. जेपी मॉर्गनने २०१३ मध्ये त्याची खाती बंद केली, लगेच डॉइश बँकेने उघडली. पुढे २०२३ मध्ये जेपी मॉर्गनने पीडितांना २९ कोटी आणि डॉइश बँकेने साडेसात कोटी डॉलर देऊन दावे मिटवले. आमच्या भागातल्या बाईचं जनधन खातं केवायसीसाठी अडकतं, तेव्हा मला हे आकडे आठवतात.

या सगळ्या लोकांनी मुलींवर अत्याचार केले असं मी म्हणत नाही. डायरीत नाव असणं, विमानात बसणं, ईमेलला उत्तर देणं म्हणजे गुन्हा नव्हे. हा फरक पाळला नाही तर आपण लाल गोल काढणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो. पण गुन्हा नसला तरी त्यांनी त्याला एक गोष्ट दिली, प्रतिष्ठा. राजपुत्र जेवायला येतो, नोबेलवाले गप्पा मारतात, असं घर बघितलेली वेस्ट पाम बीचची १५ वर्षांची पोरगी कोणाकडे तक्रार करणार होती? भिंतीवरच्या फोटोंनी तिचं तोंड बंद केलं.

ज्यांनी हे तोंड पुन्हा उघडलं त्या मायामी हेराल्ड या स्थानिक वृत्तपत्राच्या पत्रकार ज्युली ब्राउन. त्यांनी केलं ते काम ऐकायला साधं आहे. जुनी फाइल काढली, काळी केलेली नावं शोधली, जवळपास ८० स्त्रियांचा माग काढला आणि त्यांच्या दारावर गेल्या. बहुतेकींनी नकार दिला. ज्या बोलल्या त्या आता तिशीच्या होत्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये लेखमाला छापून आली. ६ जुलै २०१९ रोजी पॅरिसहून परतलेल्या एपस्टीनला न्यूजर्सीच्या टेटरबोरो विमानतळावर अटक झाली. अकोस्टा तोपर्यंत ट्रम्प सरकारात कामगारमंत्री झाले होते, सहा दिवसांत त्यांनी राजीनामा जाहीर केला.

१० ऑगस्टच्या पहाटे एपस्टीन कोठडीत मृतावस्थेत आढळला. डॉक्टरी निष्कर्ष आत्महत्येचा. आधी एकदा तो जखमी अवस्थेत सापडलेला असताना त्याला एकटं ठेवलं, पहारेकऱ्यांनी रात्रीच्या फेऱ्या मारल्याच नाहीत आणि मारल्याची खोटी नोंद केली, कॅमेरे नीट चालत नव्हते. इतका गलथानपणा असल्यावर लोकांनी शंका घेतली तर त्यांना वेडं कसं म्हणायचं? पण शंकेचा एक तोटा झाला. 'त्याला कोणी मारलं' हा प्रश्न इतका मोठा झाला की 'त्याने कोणाचं काय केलं' हा मागे पडला. मृत्यूनंतर खटला रद्द करताना न्यायाधीश रिचर्ड बर्मन यांनी २७ ऑगस्टला स्त्रियांना बोलू दिलं. वीसहून अधिक जणींचं म्हणणं त्या दिवशी न्यायालयाने ऐकलं. काहींनी सांगितलं की मरून त्याने त्यांच्या हक्काचा दिवस हिरावून घेतला. त्या सुनावणीचा फोटो मात्र कुणी ग्रुपवर टाकत नाही.

घिलेन मॅक्सवेलबद्दल आपल्या बायकांत जास्त राग दिसतो, आणि तो मला समजतो. मुलीला विश्वास वाटावा म्हणून समोर एक सुशिक्षित, गोड बोलणारी बाई लागते. ते काम तिने वर्षानुवर्षं केलं. व्हर्जिनिया जुफ्रे ट्रम्प यांच्या मार-अ-लागो क्लबच्या स्पामध्ये काम करत होती. तिथेच २००० साली, वय १६, मॅक्सवेलने तिला हेरलं. डिसेंबर २०२१ मध्ये मॅक्सवेल दोषी ठरली, २० वर्षांची शिक्षा झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिला टेक्सासच्या कमी बंदोबस्ताच्या तुरुंगात हलवलं. जुफ्रेने एप्रिल २०२५ मध्ये स्वतःचं आयुष्य संपवलं, वय ४१. तिने ज्यांच्यावर आरोप केले त्या अँड्र्यू यांनी ते कायम नाकारले, २०२२ मध्ये पैसे देऊन दावा मिटवला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांच्या भावाने, म्हणजे राजानेच, त्यांचा राजपुत्र हा किताब काढून घेतला. तेव्हा ती हयात नव्हती.

आता थोडं आपल्या घरातलं बोलू. कागद बाहेर येऊ लागल्यापासून आपल्या ग्रुपांवर दोन प्रकारचे संदेश फिरतायत. पहिला, एपस्टीन ज्यू होता, म्हणून हे सगळं ज्यूंचं कारस्थान. हे पुढे पाठवणाऱ्यांना मी विचारते की, एखाद्या गुन्ह्यात मुसलमान नाव आलं की अख्ख्या मोहल्ल्याला खाली मान घालून चालावं लागतं, तेव्हा आपल्याला कसं वाटतं? तेच माप दुसऱ्याला कसं लावता? शिवाय त्याचे दोस्त सगळ्या धर्मांत होते. दुबईच्या डीपी वर्ल्डचे सुलतान अहमद बिन सुलायम हे त्यातलेच एक. ही कंपनी आपल्या न्हावा शेवा बंदरातही टर्मिनल चालवते. दोघांमधले ईमेल उघड झाल्यावर फेब्रुवारी २०२६ मध्ये कंपनीने त्यांच्या जागी दुसरा अध्यक्ष नेमला.

दुसरा संदेश किस्वाचा. २०१७ साली काबागृहावरच्या किस्वाचे तुकडे एपस्टीनला पाठवल्याचे ईमेल या कागदांत निघाले आणि आपल्याकडे संतापाची लाट आली. ते वाचून मलाही दुखलं. पण ग्रुपवर मी मोजत होते. वर्षभर मुलींबद्दल जे एक ओळ बोलले नव्हते, ते त्या दिवशी चार-चार परिच्छेद लिहीत होते. एका मौलवीसाहेबांनी मात्र शांतपणे आठवण करून दिली की, मखजूम कबिल्यातली मोठ्या घरची बाई चोरीत सापडली आणि तिच्यासाठी रदबदली झाली, तेव्हा पैगंबरसाहेबांनी (स.) ती धुडकावली होती. आधीच्या कौमा याच पक्षपाताने बुडाल्या, असं त्यांनी सांगितलं होतं. त्या पोस्टला तीन लाइक मिळाले, त्यातला एक माझा.

कागद खुले कसे झाले तेही सांगायला हवं. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने जाहीर केलं की कुठलीही 'क्लायंट लिस्ट' नाही, आणि त्याच निवेदनात मान्य केलं की पीडितांची संख्या हजाराहून जास्त आहे. लोकांच्या नजरेत पहिलं वाक्य भरलं. त्या बायका मात्र वॉशिंग्टनला गेल्या, संसदेबाहेर आपले लहानपणीचे फोटो हातात धरून उभ्या राहिल्या. नोव्हेंबरमध्ये प्रतिनिधीगृहाने ४२७ विरुद्ध १ मतांनी कागद खुले करण्याचा कायदा मंजूर केला. ३० जानेवारी २०२६ रोजी ३० लाखांहून अधिक पानं बाहेर आली. त्यात अनेक पुरुषांची नावं काळ्या पट्ट्यांखाली होती, आणि ज्यांची झाकायची होती त्या काही स्त्रियांची उघडी राहून गेली. त्यांच्या वकिलांनी आरडाओरडा केल्यावर हजारो कागद साइटवरून मागे घ्यावे लागले. तोवर ते जगभर पोचले होते, बहुधा आमच्या ग्रुपवरही.

२००७ च्या त्या तडजोडीचं पुढे काय झालं, ते फार कमी लोकांना ठाऊक आहे. आम्हाला अंधारात ठेवलं म्हणून दोन पीडितांनी २००८ मध्येच सरकारविरुद्ध दावा लावला होता. त्यातली एक एपस्टीनच्या तावडीत सापडली तेव्हा १४ वर्षांची होती. ११ वर्षांनी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, न्यायाधीश केनेथ मारा यांनी निकाल दिला की सरकारने कायदा मोडला. पुढे एपस्टीन मेला, प्रकरण अपिलात गेलं. २०२१ मध्ये अपिली न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितलं की, सरकारने त्यांच्याशी वाईट वागणूक केली हे खरं, पण मुळात केंद्राने खटलाच भरला नव्हता, त्यामुळे या कायद्याखाली त्यांना असा दावा लावता येत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्ज ऐकायला नकार दिला. तोपर्यंत ती १४ वर्षांची मुलगी तिशी पार करून गेली होती.